डोक्यातले आणि दप्तरातले

ॲड्रियन न्यूई अजूनही पेन्सिलीने गाडी काढतो. फॉर्म्युला वनच्या कारखान्यांत शेकडो इंजिनीअर संगणकासमोर बसलेले असतात. हा साठी उलटलेला इंग्रज गृहस्थ मात्र ड्रॉइंग बोर्डावर कागद लावून रेषा ओढतो आणि त्या रेषा संगणकात चढवायचे काम दुसरे कोणीतरी करते. विल्यम्स, मॅक्लारेन आणि रेड बुल अशा तीन वेगवेगळ्या संघांना त्याच्या हातच्या गाड्यांनी जगज्जेतेपद मिळवून दिले. आपल्याकडे ग्रेटर नोएडात २०११ ते २०१३ अशा तीनच शर्यती झाल्या. तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने जिंकल्या आणि तिन्ही वेळा त्याच्या बुडाखालची गाडी न्यूईच्या बोर्डावरून उतरलेली होती.

१ मे २०२४ रोजी रेड बुलने जाहीर केले की न्यूई आम्हाला सोडून चालला. १० सप्टेंबरला ॲस्टन मार्टिनने जाहीर केले की तो आमच्याकडे येतोय. प्रत्यक्ष रुजू झाला तो मार्च २०२५ मध्ये. हा ॲस्टन मार्टिन संघ म्हणजे विजय मल्ल्यांचा जुना फोर्स इंडिया. २०१८ मध्ये तो कर्जात बुडाला, कॅनडाच्या लॉरेन्स स्ट्रोल यांनी घेतला आणि पुढे त्याचे नाव बदलले. कारखाना मात्र तिथेच, सिल्वरस्टोनला.

मोटारीतले मला फार कळत नाही. माझा विषय भाषा. सकाळी उर्दू शिकवतो, दुपारी मराठी. या बातमीत मला रस वाटला तो दोन शब्दांमुळे. एक अमानत आणि दुसरा हुनर. दोन्ही शब्द उर्दूत आहेत आणि दोन्ही मराठीनेही आपलेसे केलेत. अमानतची अक्षरे उलटसुलट होऊन आपली ‘अनामत’ झाली, जी आपण घर भाड्याने घेताना भरतो आणि निवडणुकीत लोकांची जप्त होते. हुनरचा ‘हुन्नर’ झाला. अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू, जी आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली असते आणि मागितल्यावर जशीच्या तशी परत द्यायची असते. हुनर म्हणजे जे शिकता शिकता आपल्या हातात उतरले ते. ते परत द्यायचे म्हटले तरी देता येत नाही. हात कापून द्यावा लागेल.

मोठा इंजिनीअर एका संघातून प्रतिस्पर्धी संघात जातो तेव्हा भांडण नेमके या दोन शब्दांच्या मधल्या पट्टीवर होते. संघ म्हणतो, याच्याजवळ आहे ती आमची अमानत. इंजिनीअर म्हणतो, हे माझे हुनर.

इंग्लंडमध्ये या भांडणावर एक व्यवहारी तोड निघालेली आहे. तिला गार्डनिंग लीव्ह म्हणतात, म्हणजे बागकामाची रजा. नाव विनोदी आहे, पण कल्पना सरळ आहे. मालक म्हणतो, तुझा राजीनामा मान्य, तुझा पगार चालू, पण उद्यापासून ऑफिसात यायचे नाही आणि मुदत संपेपर्यंत दुसरीकडेही जायचे नाही. घरी बस, गुलाबांना पाणी घाल. न्यूईला तर घरीही बसवले नव्हते. शर्यतीच्या गाडीपासून दूर करून रेड बुलच्याच एका महागड्या हायपरकारचे काम त्याच्याकडे ठेवले होते. हेतू तोच, की ताजी माहिती शिळी व्हावी.

या धंद्यात माहिती मेथीच्या जुडीसारखी असते. सकाळी घेतलेली संध्याकाळपर्यंत माना टाकते. २०२४ च्या हंगामात २४ शर्यती झाल्या आणि दर दोन-चार शर्यतींनंतर संघ गाडीत काहीतरी नवे बसवत होते. मागच्या मे महिन्यात पुढच्या पंखाचा कोन किती होता हे पुढच्या मार्चमध्ये कळून फारसे काही साधत नाही. त्यातही २०२६ पासून नियम सगळेच बदलणार होते आणि १ जानेवारी २०२५ च्या आधी नव्या नियमांच्या गाडीचे विंड टनेलमधले काम करायला सगळ्याच संघांना बंदी होती. न्यूई तोवर रेड बुलच्या शर्यतीच्या कामातून बाहेर पडलेला होता. म्हणजे रेड बुलच्या २०२६ च्या गाडीचे कोणते गुपित तो सोबत नेणार होता? अजून जन्मालाच न आलेल्या गाडीचे? तारखा कोणीतरी फार विचार करून ठरवल्या होत्या.

मग जे बरोबर गेले ते काय? चाळीसेक वर्षांत हजारो रेषा खोडून तयार झालेली नजर. वारा या वळणावर काय करील याचा अंदाज. हे कोणत्या संघाचे म्हणायचे? तो विल्यम्समध्ये शिकला ते मॅक्लारेनला मिळाले, तिथे शिकला ते रेड बुलला. रेड बुलला हे सगळे आयतेच मिळाले होते आणि तेव्हा त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नव्हती.

लोक इतक्या सहज संघ बदलतात याला भूगोलाचाही हात आहे. रेड बुल मिल्टन कीन्सला, ॲस्टन मार्टिन सिल्वरस्टोनला, मर्सिडीज ब्रॅकलीला, विल्यम्स ग्रोव्हला. हे सगळे तास-दीड तासाच्या टापूत. आपल्याकडे पिंपरी-चिंचवड आणि चाकण जसे. माणूस नोकरी बदलतो पण घर बदलत नाही, पोरांची शाळा बदलत नाही. जॉन बर्नार्ड नावाच्या इंजिनीअरने तर कमाल केली होती. १९८१ मध्ये त्याने मॅक्लारेनसाठी कार्बन फायबरच्या सांगाड्याची गाडी बनवली, जी पुढे सगळ्यांनी उचलली. फेरारीने त्याला बोलावले तेव्हा तो म्हणाला, येतो, पण इटलीत राहायला येणार नाही. फेरारीने मुकाट्याने इंग्लंडमध्ये गिल्डफर्डला त्याला ऑफिस थाटून दिले. गाडी मारानेल्लोची, डोके गिल्डफर्डचे. स्टीअरिंगवरूनच गिअर बदलायची युक्ती त्याने तिथे बसून बसवली आणि १९८९ मध्ये ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत ती गाडी जिंकली. हुनर असे असते. त्याच्यासाठी मालकाला उठून यावे लागते.

पण मी इथे नुसती इंजिनीअरांची वकिली करत नाही. हुनरच्या नावाखाली अमानतही उचलून नेली जाते आणि त्याचे दोन किस्से मला सांगायचेच आहेत.

पहिला १९७८ चा. शॅडो नावाच्या संघातली मुख्य मंडळी आदल्या वर्षाच्या शेवटी एकदम बाहेर पडली आणि त्यांनी ॲरोज हा नवा संघ काढला. त्यांच्यात टोनी साउथगेट हा डिझायनर होता. बाहेर पडण्याआधी तो शॅडोची नवी गाडी काढत होता. ॲरोजची गाडी काही आठवड्यांत तयार होऊन मैदानात आली आणि ती शॅडोच्या गाडीची जुळी बहीण दिसत होती. शॅडोवाले लंडनच्या हायकोर्टात गेले. साउथगेटच्या बाजूने म्हणण्यासारखे बरेच होते: दोन्ही गाड्या माझ्याच डोक्यातून निघाल्या, त्या सारख्या दिसणारच. कवीने दोन मासिकांना कविता दिल्या तर त्यांची चाल ओळखू येणारच. कोर्टाने ते मानले नाही. शॅडोच्या पगारावर असताना काढलेली ड्रॉइंग शॅडोची. त्यांवरून बनलेली गाडी नक्कल आहे, ती धावणार नाही. ॲरोजने दरम्यान दुसरी गाडी बनवायला घेतलेलीच होती. ती ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाच्या शर्यतीत उतरली.

या निकालातला मला आवडणारा भाग हा की साउथगेटला कोणी घरी बसवले नाही. त्याला पुन्हा गाडी काढायची मोकळीक होती आणि त्याने काढली. तीच रेघ पुन्हा ओढू नकोस, नवी ओढ, एवढेच त्याला सांगितले गेले. हात तुझा आहे, कागद त्यांचा.

दुसरा किस्सा २००७ चा आणि तो जास्त घाणेरडा आहे. त्यातल्या मुख्य माणसाचे आडनाव स्टेपनी. (आपण जिला स्टेपनी म्हणतो त्या जादा चाकाशी त्याचा काही संबंध नाही; ते नाव वेल्समधल्या एका रस्त्यावरून आले. पण वर्गात हे सांगितले की पोरे खूश होतात.) नायजेल स्टेपनी फेरारीत बरीच वर्षे होता. रॉस ब्रॉन गेल्यावर जी फेरमांडणी झाली तिच्यात आपल्याला डावलले असे त्याला वाटत होते. मॅक्लारेनचा चीफ डिझायनर माइक कॉकलन त्याचा जुना ओळखीचा. फेरारीच्या गाडीची ७८० पानांची माहिती कॉकलनच्या घरी पोहोचली. दोघे मिळून तिसऱ्याच संघात, होंडात, नोकरीची चाचपणीही करत होते.

आता एवढी मोठी चोरी पकडली कशी गेली? झेरॉक्सच्या दुकानात. कॉकलनची पत्नी ते बाड स्कॅन करून सीडीवर घ्यायला सरे परगण्यातल्या एका कॉपीच्या दुकानात घेऊन गेली. दुकानातल्या माणसाने पानांवर फेरारीचे नाव आणि गोपनीय असल्याची खूण पाहिली आणि फेरारीला कळवून टाकले. जगातली सगळ्यात गुप्त गाडी, आणि ती उघडी पडली ती आपल्या कॉलेजरोडवर असतात तसल्या दुकानात. त्या दुकानदाराला कोणी अमानतीचा धडा दिला नसेल, पण दुसऱ्याचे दप्तर दिसताच त्याला ते ओळखू आले.

जुलैत सुनावणी झाली. पुरावा अपुरा म्हणून मॅक्लारेन सुटले. मग त्यांच्या ड्रायव्हरांचे आपसातले ईमेल बाहेर आले, ज्यांत फेरारीच्या गाडीचे आकडे होते. १३ सप्टेंबर २००७ रोजी दहा कोटी डॉलर दंड आणि त्या वर्षीचे संघाचे सगळे गुण रद्द. मॅक्लारेनचे म्हणणे होते की ही एका माणसाची करणी, संघाला तिचा उपयोग झाला नाही. ते कोणी मानले नाही आणि बरेच झाले. चोरीचा माल घरात आला की घरातले जेवतातच.

म्हणजे रेघ अशी: डोक्यातले तुमचे, दप्तरातले मालकाचे. दप्तर हा शब्दही आपण दोन्ही अर्थांनी वापरतो, कचेरीतले कागद आणि पाठीवरची पिशवी. कचेरीतले पाठीवरच्या पिशवीत घालून निघायचे नाही.

इतके सोपे असते तर वकील उपाशी मेले असते. डोके आणि दप्तर यांच्यामधली भिंत पातळ आहे, हे डॅन फॅलोजच्या वेळी दिसले. तो रेड बुलमध्ये न्यूईच्या हाताखाली एरोडायनॅमिक्सचा प्रमुख होता. २०२१ च्या जूनमध्ये ॲस्टन मार्टिनने त्याचे नाव जाहीर केले. रेड बुलने कराराकडे बोट दाखवले आणि प्रकरण मिटून तो एप्रिल २०२२ मध्ये रुजू झाला. मे महिन्यात बार्सिलोनाला ॲस्टन मार्टिनने सुधारलेली गाडी आणली आणि सगळे हसायला लागले, कारण ती रेड बुलच्या गाडीला हिरवा रंग फासल्यासारखी दिसत होती. रेड बुलच्या लोकांनी त्या दिवशी मैदानाशेजारच्या आपल्या जागेवर हिरव्या डब्यातले पेय मांडून ठेवले. टोमणा मारावा तर असा.

एफआयएने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, तपासणी केली आणि सांगितले की ॲस्टन मार्टिनने ते काम स्वतंत्रपणे केले, नियम मोडलेला नाही. संशय यायलाही कारण होते. याच कारखान्यातल्या याच संघाला, तेव्हा त्याचे नाव रेसिंग पॉइंट होते, २०२० मध्ये मर्सिडीजच्या ब्रेकच्या हवा-नळ्या उचलल्याबद्दल १५ गुण आणि चार लाख युरो गमवावे लागले होते. त्या वेळचा धडा असा होता की दुसऱ्याच्या गाडीचे फोटो काढून बघून शिका, चालेल. त्यांची ड्रॉइंग घेऊन शिकाल तर चालणार नाही. हे मला परीक्षेच्या हॉलमधल्या नियमासारखे वाटते. शेजारच्याचे अक्षर वळणदार आहे हे पाहून आपले सुधारा, पण त्याचा पेपर पुढ्यात घेऊ नका. आणि शिक्षक म्हणून सांगतो, दोन्हींतला फरक उत्तरपत्रिका पाहून नेहमी कळतोच असे नाही.

फॅलोजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लोक विसरतात. रेड बुलचे ज्ञान डोक्यात भरून तो गेला, तरी ॲस्टन मार्टिन विजेते झाले नाही. २०२३ ची सुरुवात झोकात झाली, मग गाडी मागे पडत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला तांत्रिक प्रमुखपदावरून बाजूला केले. एका माणसाच्या डोक्यात सगळा संघ मावत नाही. उलट बाजूनेही हेच. २०२४ मध्ये मॅक्लारेनने १९९८ नंतर प्रथमच संघाचे विजेतेपद जिंकले, त्यात रेड बुलमधून आलेल्या रॉब मार्शलचा वाटा होता हे सगळेच मानतात. पण मॅक्लारेनचा आधीचा पाया नसता तर मार्शलने एकट्याने काय केले असते? कोल्हापूरच्या तालमीत म्हणतात की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. फॉर्म्युला वनमध्ये डाव राखणारा वस्ताद संघाच्या कामाचा नाही. ज्या संघात वस्तादाचा डाव दहा पठ्ठ्यांना येतो, तो संघ वस्ताद गेल्यावर खचत नाही.

आता हे सगळे मी मराठीत लिहितोय ते कशासाठी, तेही सांगतो. कारण गार्डनिंग लीव्हमधली अर्धी गोष्ट आपल्या मालकांना फार आवडली आहे आणि अर्धी मुळीच आवडलेली नाही. ‘दुसरीकडे जायचे नाही’ हे आवडले. ‘तोवर पगार चालू’ हे नाही.

माझा भाचा पुण्याजवळच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागला. दोन वर्षांचा बाँड. आधी सोडले तर दीड लाख भर. वर आणखी एक वर्ष कोणत्याही प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी धरायची नाही. मी विचारले, “तुला कोणती गुपितं शिकवली रे?” तो म्हणाला, “मामू, मी पार्ट मोजतो आणि एक्सेलमध्ये भरतो.” मोजपट्टीचे गुपित जपण्यासाठी बावीस वर्षांच्या पोराचे एक वर्ष बिनपगारी अडवून ठेवायचे, याला काय म्हणावे?

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे, फक्त तो कोणी वाचत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २७ सांगते की कोणाला आपला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी सुटल्यानंतरची बंदी आपली न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. नोकरीच्या मुदतीतली बंदी मात्र करतात, आणि त्यावरचा गाजलेला निकाल आपल्या कल्याणचाच आहे. तोही मोटारींशी नाते सांगणारा. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायरमध्ये घालायच्या दोऱ्याचा विभाग होता. तंत्र हॉलंडच्या कंपनीकडून आणलेले, ते गुप्त ठेवण्याच्या अटीवर. तिथे एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर लागला, कंपनीने त्याला काही महिने शिकवले आणि तो मुदतीआधीच राजस्थानात कोट्याला, तोच माल बनवू पाहणाऱ्या कंपनीत गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९६७ च्या जानेवारीत निकाल लागला: कराराची उरलेली मुदत संपेपर्यंत त्याने तसले काम दुसरीकडे करायचे नाही.

मला हा निकाल अन्यायाचा वाटत नाही. तिथे खरोखर शिकवलेले काहीतरी होते, खरोखर तिसऱ्याला दिलेला शब्द होता आणि बंदीला शेवटची तारीख होती. पण हा निकाल दाखवून आज जे बाँड लिहून घेतले जातात त्यांत या तीनपैकी एकही गोष्ट नसते. शिकवलेले काही नाही, गुपित काही नाही. आहे ती फक्त भीती. पोरगा कोर्टात जाणार नाही हे दोघांनाही माहीत असते.

आणि आमचा पेशा काही वेगळा नाही. मी बीएड होऊन पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा त्या संस्थेने माझी मूळ प्रमाणपत्रे ‘तपासणीसाठी’ ठेवून घेतली. दहावीपासून बीएडपर्यंतची. अडीच वर्षे ती त्यांच्या कपाटात होती. मधे एका चांगल्या शाळेची मुलाखत आली, त्यांना मूळ कागद पाहायचे होते. क्लार्क साहेबांकडे पाठवायचा, साहेब सचिवांकडे, सचिव मुंबईला गेलेले असायचे. मुलाखतीची तारीख गेली. तिथे अमानतीची गंगा उलटी वाहत होती. माझे कागद त्यांच्याकडे ठेवलेले होते आणि परत देत नव्हते ते. नोकरदाराने कागद नेला तर चोरी, मालकाने दाबून ठेवला तर शिस्त. पुढे मला किती तरुण शिक्षक-शिक्षिका भेटल्या, ज्यांच्या बाबतीत हेच घडले, आणि त्यांतल्या बहुतेकांना हे बेकायदेशीर आहे याची कल्पनाच नव्हती.

इथे कोणी म्हणेल, सर, न्यूईची गोष्ट वेगळी. त्याला कोट्यवधी मिळतात, त्याच्यासाठी संघ रांगेत उभे असतात. तुमच्या भाच्यासाठी कोण उभे आहे? बरोबर आहे. पण म्हणूनच तर. ज्याच्याजवळ खरोखर गुपिते आहेत, त्याला थांबवायचे तर पगार देऊन थांबवतात. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला फुकट थांबवतात. मला यात कुठलेच तर्कशास्त्र दिसत नाही, फक्त ताकद दिसते. माझी मागणी इतकीच आहे की आमच्या पोरांनाही फॉर्म्युला वनचा नियम लावा. सहा महिने थांबवायचे आहे? थांबवा. दर महिन्याच्या एक तारखेला पगार खात्यात टाका. बघा मग किती कंपन्यांना आपली किती गुपिते आठवतात ते.

नोकरदारांनाही दुसरी बाजू लागू आहे. शहरातल्या कोचिंग क्लासमधून मास्तर फुटतात तेव्हा शिकवण्याची हातोटी घेऊन जातात; ती त्यांचीच. पण रातोरात पालकांच्या फोन नंबरांची यादी आणि क्लासच्या छापील नोट्सही पेन ड्राइव्हवर जातात, आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीत नवी पाटी लागते. त्यांना ॲरोजचा निकाल वाचायला द्यायला हवा. गणित तुमचे, यादी त्यांची.

माणूस अडवण्याचे उपाय मालक शोधत असतात, पण माणूस टिकवण्याचा जो उपाय आहे त्याला ते फार उशिरा हात घालतात. न्यूईने १९९६ च्या अखेरीस विल्यम्स सोडले. ड्रायव्हर ठरवताना त्याला विचारायचे असे कबूल केलेले होते, आणि डेमन हिलला काढताना त्याला विचारले गेले नाही. संघात त्याला थोडी भागीदारी हवी होती, तीही मिळाली नाही. विल्यम्सने त्याला १ ऑगस्ट १९९७ पर्यंत दुसरीकडे रुजू होऊ दिले नाही. त्या वर्षीचे विजेतेपद विल्यम्सनेच जिंकले, त्यानेच मागे काढून ठेवलेल्या गाडीवर. १९९८ मध्ये तो मॅक्लारेनमध्ये होता आणि मिका हॅकिनेन जगज्जेता झाला. विल्यम्सने त्याला काही महिने अडवले खरे. १९९७ नंतर विल्यम्सला एकही विजेतेपद मिळालेले नाही.

२००१ मध्ये जग्वारने तो आमच्याकडे येणार असे जाहीरही करून टाकले होते. मॅक्लारेनच्या रॉन डेनिसने ऐनवेळी त्याला वळवले, प्रकरण कोर्टाच्या दारापर्यंत जाऊन मिटले. पुढे जग्वारचाच संघ रेड बुलने विकत घेतला आणि २००६ मध्ये न्यूई मिल्टन कीन्सच्या त्याच कारखान्यात येऊन बसला. कागद दाखवून आणता आला नाही तो माणूस पाच वर्षांनी आपल्या पायांनी आला.

स्ट्रोल यांनी मात्र २०२४ मध्ये पहिल्याच दिवशी ती गोष्ट देऊन टाकली, जी विल्यम्सने दिली नव्हती. न्यूई ॲस्टन मार्टिनमध्ये आला तो पगारी नोकर म्हणून नाही, भागधारक म्हणून. एकदा घरात वाटा मिळाला की घराचे दप्तरही आपलेच होते; मग ते कोण कुणाकडे नेणार?

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले आणि २०२६ पासून न्यूईच संघाचा टीम प्रिन्सिपल असेल असे जाहीर केले. याबद्दल मात्र मी साशंक आहे. शाळेतल्या सगळ्यात चांगल्या शिक्षकाला सन्मान म्हणून मुख्याध्यापक करतात. मग तो शालेय पोषण आहाराचे तांदूळ मोजतो, यू-डायसचे फॉर्म भरतो, संस्थाचालकांचे फोन घेतो, आणि दहावी ‘ब’ला कोणीतरी दुसरा जाऊन शिकवतो.